पडत्या काळासाठी माणसं आधी जोडा: बडोद्यातल्या लहान उद्योजकासाठी मार्गदर्शक

मोठी ऑर्डर रद्द होते, पेमेंट चार-चार महिने अडकतं, भागीदार निघून जातो, शेडमध्ये पाणी शिरतं. अशा वेळी उद्योजकाला पहिला उपदेश मिळतो तो 'मन घट्ट कर' असा. मला तो अपुरा वाटतो. मकरपुरा, वाघोडिया, पोर-रमणगामडी इथल्या लहान कारखानदारांना जवळून पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वाईट वर्षातून जे बाहेर आले, ते सगळेच काही जात्या कणखर नव्हते. पण त्यांच्याकडे फोन करण्याजोगी चार-पाच माणसं होती आणि ती माणसं संकट येण्याच्या बरीच आधी जोडलेली होती. धंद्यातला चिवटपणा असा आधी जमवून ठेवता येतो. तो कसा जमवायचा, हेच इथे टप्प्याटप्प्याने मांडतो.

आपल्या शहराचा इतिहासच याला साक्ष आहे. १८७५ साली कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ दत्तक म्हणून बडोद्याला आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं. भोवती टी. माधवरावांसारखे दिवाण आणि एलियट यांच्यासारखे शिक्षक होते, ते नशिबाने मिळाले असं म्हणू. पण पुढे सयाजीराव म्हणून कारभार हातात आल्यावर त्यांनी हेच जाणीवपूर्वक चालू ठेवलं. ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही, त्या विषयातला जाणता माणूस शोधायचा, आणायचा आणि त्याला काम करू द्यायचं. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, ती त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती. ग्रंथालयांची घडी बसवायला अमेरिकेहून बोर्डन आले.

यातून उद्योगही उभे राहिले. अलेंबिक या औषध कंपनीच्या १९०७ मधल्या स्थापनेत प्रा. गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन अशी तीन नावं येतात. एका गुजराती शास्त्रज्ञाभोवती जमलेली ही माणसं, आणि त्यांत एक मराठी प्राध्यापक. पुढच्याच वर्षी, २० जुलै १९०८ ला, बँक ऑफ बडोदा निघाली. महाराजांच्या बरोबरीने त्यात मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी होते, लल्लूभाई सामळदास होते आणि संस्थानचे अमेरिकन अर्थसल्लागार व्हाइटनॅकही होते. १९१३ पासूनच्या काही वर्षांत देशातल्या अनेक बँका बुडाल्या, ही टिकली. केवळ माणसांमुळे टिकली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण सुरुवातीलाच इतक्या वेगवेगळ्या व्यवहारांतली माणसं एका टेबलाभोवती बसवणं हा योगायोग नव्हता, इतकं नक्की.

आधी हिशेब मांडा

नवीन माणसं शोधण्याआधी आहेत ती कोण, हे कागदावर यायला हवं. मोबाइल घ्या आणि गेल्या तीन महिन्यांतले कॉल पाहा. घरचे, ग्राहक आणि पुरवठादार यांना सोडून ज्यांच्याशी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोललात, त्यांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. या माणसाने मला माहीत नसलेलं काही सांगितलं का? बोलणं झाल्यावर मी कामाला लागलो, की खुर्चीत बसून राहिलो? मला झालेला तोटा मी याला खऱ्या आकड्यात सांगू शकतो का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बहुतेकांच्या यादीत गप्पा मारायला पंधरा-वीस माणसं निघतात, पण 'माझ्यावर अकरा लाखांची देणी आहेत आणि पगाराला पैसे नाहीत' असं सांगता येईल असा एकही माणूस निघत नाही. तसं असेल तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं.

बडोद्यातल्या मराठी उद्योजकाच्या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. आपली बरीच कुटुंबं पिढ्यानपिढ्या नोकरीतली. आधी संस्थानची चाकरी, मग विद्यापीठ, बँक, रिफायनरी, जीएसएफसीचा खत कारखाना. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले काका-मामा मनापासून आपलं भलं चिंततात. पण धंद्यात पहिला धक्का बसला की त्यांच्या तोंडून 'अजून वय आहे, नोकरी बघ' हेच येतं. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनी दरमहा पगाराचं आयुष्य पाहिलेलं आहे. मात्र उधारी, खेळतं भांडवल, मंदी यांत आयुष्य काढलेला माणूस बहुधा शेजारच्या गुजराती व्यापाऱ्याच्या घरात असतो. आपल्याला दोन्ही भाषा येतात, हे आपलं मोठं भांडवल आहे. ते सणासुदीच्या शुभेच्छांपुरतं ठेवू नका, त्यांच्या पेढीवर जाऊन बसा.

कोणकोण हवं

तुमच्याच व्यवसायात दहा-पंधरा वर्षं पुढे असलेला एक माणूस हवा, पण तो थेट स्पर्धक नसावा. ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्याने पॅनेल बनवणाऱ्या ज्येष्ठाकडे जावं: ग्राहक तेच, अडचणी त्याच, हितसंबंध मात्र टकरत नाहीत. बरोबरीचे दोघे-तिघे हवेत, ज्यांच्या धंद्याचं वय तुमच्या धंद्याएवढंच आहे. ज्येष्ठ माणूस दिशा दाखवतो, पण 'माझाही परवाचा चेक परत आला' हे सांगणारा बरोबरीचाच असतो, आणि त्या एका वाक्याने एकटेपणा निम्मा होतो.

एकदा पूर्ण पडून पुन्हा उभा राहिलेला माणूस तर हवाच हवा. यशस्वी माणसाकडून आपण महत्त्वाकांक्षा शिकतो. सावरलेल्याकडून क्रम शिकतो: पैसे संपल्यावर आधी कोणाचे चुकवायचे, बँकेत कोणत्या शब्दांत बोलायचं, कामगारांना कधी सांगायचं, घरी काय सांगायचं. हे ज्ञान भाषणांत मिळत नाही, कारण मंचावर लोक तोटा दोन वाक्यांत उरकतात. अशा माणसाला शोधायला वेळ लागतो. जुन्या पुरवठादारांना विचारा, 'बुडाला पण कोणाचे पैसे बुडवले नाहीत असा कोण आहे?' एक-दोन नावं हमखास मिळतात.

आणि हिशेबातला माणूस. फक्त रिटर्न भरून देणारा नको, आकड्यांवरून वेळेत सावध करणारा हवा. त्याचा उपयोग कसा होतो, ते अडकलेल्या पेमेंटच्या उदाहरणावरून पाहू. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत न चुकवलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा करता येत नाही. म्हणजे मार्च उजाडला की तुमचं बिल चुकवण्यात त्याचाही फायदा असतो. यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती मोफत आहे. मात्र निव्वळ व्यापार करणाऱ्याला या विलंबाच्या तरतुदींचा लाभ मिळत नाही, उत्पादन किंवा सेवा असावी लागते. हे सगळं इंटरनेटवर आहेच. पण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन करून 'त्या तीन पार्ट्यांना आजच पत्र लिही' म्हणणारा माणूस असेल, तरच ते कामी येतं.

शेवटचा माणूस धंद्याच्या पूर्ण बाहेरचा: शिक्षक, डॉक्टर, गवई, तालमीतला वस्ताद, कोणीही. त्याच्या कामातली शिस्त पाहून आपल्याला बळ मिळतं आणि त्याच्याशी बोलताना आपण केवळ 'पार्टी' किंवा 'व्हेंडर' उरत नाही.

ही माणसं भेटतात कुठे

वडोदरा चेंबर ऑफ कॉमर्स, फेडरेशन ऑफ गुजरात इंडस्ट्रीज, बडोदा मॅनेजमेंट असोसिएशन या संस्थांचे कार्यक्रम चालू असतात. श्रोता म्हणून जाऊन चहा पिऊन परत येण्यात फार अर्थ नाही. कामात हात घाला. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाची सगळ्यांशी ओळख होते. विद्युत उपकरणांच्या धंद्यात असाल तर मकरपुऱ्यातल्या एर्डामध्ये, म्हणजे विद्युत संशोधनाच्या संस्थेत, चाचणीसाठी माल नेताना तिथल्या तज्ज्ञांशी बोला. नमुना नापास का झाला हे नीट समजावून सांगणारा तज्ज्ञ फार मोलाचा. सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेतल्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष कारखान्यातल्या अडचणींत रस असतो; तिथे जुने विद्यार्थी असाल तर दार अर्धं उघडंच आहे. गणेशोत्सव मंडळ, नाटकाची तालीम, वाङ्मय परिषदेचे कार्यक्रम यांनाही कमी लेखू नका. धंद्याच्या बाहेरचा माणूस इथेच मिळतो.

पहिली भेट

इथे बहुतेकजण अडखळतात. 'सर, तुम्ही माझे मार्गदर्शक व्हाल का?' असं विचारू नका. समोरच्याला ते आयुष्यभराचं ओझं वाटतं. एक नेमका प्रश्न घेऊन जा. निरोप साधा असू द्या: 'नमस्कार भाऊसाहेब. माझं मकरपुऱ्यात शीटमेटलचं छोटं युनिट आहे. एकाच ग्राहकाकडून साठ टक्के काम येतं, ते कमी कसं करावं या पेचात आहे. तुम्ही यातून गेला आहात असं ऐकलं. तुमच्या सोयीच्या वेळी वीस मिनिटं द्याल का? मी कारखान्यावर येतो.' गुजराती माणूस असेल तर हेच गुजरातीत लिहा. वयाने मोठे असतील तर नावापुढे 'भाई' किंवा 'काका' लावायला विसरू नका.

जाताना हातात काहीतरी असावं. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. चित्रपट काढायचं वेड घेतलं तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी लोकांना समजावत बसण्याऐवजी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, रोप वाढतानाची छायाचित्रं रोज थोडी थोडी टिपली आणि त्याची छोटी फिल्म करून ओळखीच्या लोकांना दाखवली. ती पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. घरी सरस्वतीबाई होत्या, ज्या फिल्म धुण्यापासून सगळ्या कामात उभ्या राहिल्या. १९१३ चा पहिला कथापट अशा माणसांच्या जोरावर आला. तुमचं वाटाण्याचं रोप म्हणजे एक नमुना, महिन्याचा खरा ताळेबंद किंवा ग्राहकाने परत पाठवलेला सदोष भाग. जाणती माणसं हातातलं काम पाहिलं की खुलतात.

भेटीत पैसे मागू नका, ऑर्डरही मागू नका. ऐका, लिहून घ्या, वीस मिनिटं झाली की उठा. आणि पंधरा दिवसांनी कळवा: 'तुम्ही सांगितलं तसं केलं, हे झालं, हे जमलं नाही.' हा फोन करणारे फार थोडे असतात. म्हणूनच ज्येष्ठ माणूस पुढच्या वेळी स्वतःहून वेळ देतो.

पाच-सहा जणांचं मंडळ

सुट्या ओळखींपेक्षा ठरलेली बैठक जास्त तगवते. पाच किंवा सहा जण घ्या, त्याहून जास्त नकोत. महिन्यातला एक ठरलेला वार, दोन तास, आळीपाळीने एकेकाच्या कारखान्यावर. हॉटेलात भेटलात तर सेव-उसळ छान होते, काम होत नाही. दुसऱ्याच्या शेडमध्ये उभं राहिलं की त्याचा न खपलेला माल, बंद पडलेलं मशिन, कामगारांशी बोलण्याची पद्धत सगळं दिसतं, आणि त्याच्यापासून काही लपवावं असं आपल्यालाही वाटेनासं होतं.

पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकाने तीन आकडे सांगायचे: येणी किती आणि त्यांतली ४५ दिवसांपुढची किती, आज कामं थांबली तर हातातल्या रोकडीवर किती दिवस निघतील, आणि पुढच्या तीन महिन्यांच्या पक्क्या ऑर्डरी. बाकी सगळा वेळ एकाच माणसाच्या एकाच अडचणीला. त्याने दहा मिनिटं मांडायचं. मग इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला नाही. हा नियम कडक पाळा. आपल्याकडे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी तोडगा सांगायची घाई असते, आणि घाईचा तोडगा बहुधा चुकीच्या प्रश्नाचा असतो.

साठ टक्के काम एका ग्राहकाकडून येणाऱ्या त्या शीटमेटलवाल्याचंच घ्या. लगेच सल्ला दिला तर सगळे म्हणतील, नवीन ग्राहक शोध. प्रश्न विचारले तर वेगळंच निघू शकतं: त्या ग्राहकाचं काम सोडता येत नाही, कारण त्यासाठी कर्जाने मशिन घेतलंय, मशिन दिवसातले सहा तास रिकामं आहे, आणि मंडळातल्याच एकाच्या ओळखीत जॉबवर्क बाहेर देणारा कारखाना आहे. मग सल्ला आपोआप नेमका होतो. शेवटी त्याने पुढच्या महिन्यात काय करणार ते एका वाक्यात लिहून द्यायचं, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात ते वाचून करायची.

तीन बंधनं पहिल्याच दिवशी घालून घ्या. ऐकलेलं बाहेर जाणार नाही. एकमेकांचा ग्राहक किंवा कामगार फोडायचा नाही. आणि मंडळात आपसात उसनवारी नाही. तिसरं बंधन कठोर वाटतं, पण ज्याने पैसे घेतले तो पुढच्या बैठकीला यायचं टाळतो आणि ज्याच्यापाशी खरं बोलता आलं असतं तोच माणूस हातचा जातो.

संकटाच्या आधी ठरवून ठेवायचं

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कोणाची माणसं किती जवळची आहेत ते दिसलं. दर पावसाळ्याआधी मंडळाने एक कागद तयार करावा: पाणी उपसायचा पंप कोणाकडे आहे, जनरेटर कोणाकडे, कोणाच्या पहिल्या मजल्यावर माल आणि संगणक हलवता येईल, टेम्पोवाला कोण, विम्याची माहिती असलेला कोण. विम्यात वादळ-पुराचं कलम आहे की नाही, हे एकमेकांच्या पॉलिसी वाचून तपासा. पाणी ओसरलं की साफसफाईच्या आधी प्रत्येक वस्तूचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे, विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवायचं आणि सर्वेक्षक येईपर्यंत खराब माल फेकायचा नाही. ऐन वेळी डोकं चालत नाही, म्हणून हे सांगणारा दुसरा माणूस लागतो.

पाण्याऐवजी धक्का पैशाचा असेल तरी रीत तीच. पहिले चोवीस तास मोठा निर्णय घ्यायचा नाही, हे आजच ठरवा. पहिला फोन पडून उठलेल्या माणसाला, दुसरा हिशेबाच्या माणसाला, तिसरा बँकेला. घरच्यांना त्याच रात्री सांगा. घरापासून तोटा लपवणाऱ्याला दोन आघाड्यांवर लढावं लागतं, आणि घर सोबत असलं तर निम्मी लढाई तिथेच हलकी होते.

एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाई बेटसमूहातल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा काही दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सावरलेली, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं निदान एक मोठं माणूस. तो अभ्यास मुलांचा आहे, उद्योजकांचा नाही. तरी यादी कितीही लहान असली तरी धीर सोडू नये, हे त्यावरून नक्की कळतं: एका खऱ्या माणसापासूनही सुरुवात होते.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर मित्रांच्या भरवशावर राहू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. मंडळाच्या कागदावर तोही लिहून ठेवा. हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे.

कोणापासून दूर राहायचं

प्रेरणा देणारा माणूस ओळखायची माझी कसोटी एकच: त्याच्या पुरवठादारांना विचारा, पैसे वेळेवर देतो का. गाडी, फोटो, मंचावरचं भाषण यांवरून काही कळत नाही. हजारो रुपये घेऊन दोन दिवसांत आयुष्य बदलून देणारी शिबिरं टाळा. सभासद जोडत जायला लावणाऱ्या योजना तर कितीही जवळच्या माणसाने आणल्या तरी नकोत. आणि ज्याच्याशी बोलल्यावर दर वेळी आपण लहान झाल्यासारखं वाटतं, त्याच्याशी भांडू नका, फक्त धंद्याचं बोलणं थांबवा. लग्नाकार्यात भेटत राहा.

आपणही कोणाचा तरी माणूस व्हा

दुसऱ्या वर्षापासून मंडळातल्या प्रत्येकाने आपल्याहून नवख्या एका उद्योजकाला महिन्यातून तासभर द्यावा. आयटीआयमधून नुकतंच बाहेर पडून जॉबवर्क सुरू केलेला मुलगा, घरून मसाले विकणारी ताई, कोणीही. त्यांना तुमचे वाईट महिनेही आकड्यांसकट सांगा. आणि तुमच्याकडे त्यांचं बिल आलं तर ते ४५ व्या दिवसाची वाट न पाहता चुकतं करा.